शेजारशेजारचे दोन रॅम्प

पहिल्या तीन दिवसांत त्यानं त्या पोर्शेचं ट्यूनिंग जेवढं बिघडवलं, तेवढं आधीच्या सगळ्या मालकांना मिळून पन्नास वर्षांत जमलं नसेल. हे तो स्वतःच सांगतो, आणि आता हसत सांगतो. गाडी आली तेव्हा थोडी खोकत होती, गरम झाल्यावर काळा धूर टाकत होती. चौथ्या दिवशी सकाळी ती चालूच होईना.

तो मूळचा कुर्ल्याचा. घरापासून प्रीमियरचा कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर. तिथून निघालेल्या पद्मिनी टॅक्सी होऊन पुन्हा कुर्ल्याच्याच गॅरेजांत दुरुस्तीला यायच्या, आणि शाळा सुटली की हा तिथं पाने पुसायला जायचा. पद्मिनी म्हणजे फियाट ११०० चीच मुंबईकर लेक: १०८९ सीसी, चार सिलिंडर, एकच कार्बोरेटर. उस्तादांकडे मोजायची साधनं दोन, फिलर गेज आणि कान. त्यातला फिलर गेज बहुतेक वेळा कुणीतरी मागून नेलेला असायचा. इंजिन चालू ठेवायचं, स्क्रूवर पेचकस टेकवायचा, पाव फेरा इकडं, अर्धा फेरा तिकडं. आवाज एकसारखा झाला की उस्ताद फक्त म्हणायचे, "हं, बॉनेट लाव."

तो कान घेऊन हा आधी आखातात गेला आणि तिथून इंग्लंडला, दक्षिणेतल्या एका खेड्याबाहेरच्या शेडमध्ये. जुन्या युरोपियन गाड्या सुट्या करायच्या आणि पुन्हा जुळवायच्या, एवढंच तिथलं काम. एका हिवाळ्यात शेजारशेजारच्या दोन रॅम्पवर दोन गाड्या चढल्या. दोन्ही १९७२ सालच्या, दोन्ही एकाच मालकाच्या. एक पोर्शे ९११ एस, दुसरी डिनो २४६ जीटी. मालक निवृत्त डॉक्टर. दोन गाड्या सांभाळणं आता झेपत नाही, एक विकायची आहे, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं. दोन्ही नीट करा, आणि कुठली ठेवू ते तुम्हीच सांगा, असंही म्हणाले. आजवर त्याला गिऱ्हाइकानं 'किती होतील' आणि 'कधी मिळेल' याशिवाय तिसरा प्रश्न विचारला नव्हता.

कागदावर पाहिलं तर या दोघी जुळ्या वाटाव्यात. दोघींची सहा सिलिंडर, दोघींना पाच गिअर, दोघींची ओळख 'दोन पॉइंट चार लिटर'. प्रत्यक्षात पोर्शेचं इंजिन २३४१ सीसीचं, डिनोचं २४१९ चं. पोर्शेची ताकद १९० हॉर्सपॉवर, डिनोची १९५. वजनातही उन्नीस-बीस. (किमतीचा विषय निघाला की तो कानाला हात लावतो. दोन्ही आज रुपयांत कोटींच्या गाड्या आहेत, एवढं पुरे.) मोटारींच्या मासिकांना अशा जोडीबद्दल लिहिताना एक वाक्य फार आवडतं: जर्मन गाडी डोक्यानं बनवलेली, इटालियन काळजानं. शेडमध्ये पहिल्या आठवड्यात तोही तेच धरून चालला होता. कान इटालियन गाडीसाठी आणि पुस्तक जर्मन गाडीसाठी, असा साधा हिशेब. पण कामाची घाई होती, पुस्तक कपाटात होतं आणि कान जवळ होता. म्हणून त्यानं जर्मन गाडीलाही कानच लावला.

आणि तिथंच फसला.

या ९११ ला कार्बोरेटर नाहीत. सहा सिलिंडरना सहा स्वतंत्र थ्रॉटल आहेत आणि पेट्रोल पोचवायला बॉशचा यांत्रिक इंजेक्शन पंप आहे. तो डाव्या कॅमशाफ्टवरून दातेरी पट्ट्यानं फिरतो. पंपाच्या पोटात एक चमत्कारिक आकाराचा कॅम असतो, हातात धरला तर कुणीतरी शंकू घेऊन तो चेपून ठेवल्यासारखा वाटतो. इंजिनचा वेग वाढला की हा कॅम सरकतो, ॲक्सिलरेटर दाबला की फिरतो. त्याच्या उंचवट्या-खळग्यांवर टेकलेला दांडा ठरवतो, या क्षणी या वेगाला पेट्रोल किती. म्हणजे कॉम्प्युटरच, फक्त पोलादात कोरलेला. आता अशा यंत्राचा एक स्क्रू कानानं पाव फेरा फिरवला तर मंद चालीचा आवाज सुधारतो आणि पुढचं सगळं कोसळतं. पुढचं सावरायला दुसरा स्क्रू, मग त्याला सावरायला तिसरा. तीन दिवस हेच चाललं होतं.

शेडमधल्या सर्वांत जुन्या इंग्रज फिटरनं चौथ्या दिवशी कपाटातून एक मळकं, पातळ पुस्तक काढून त्याच्या बाकावर ठेवलं. या पंपासाठी पोर्शेनंच काढलेलं. नावातच तीन क्रियापदं: तपासा, मोजा, जुळवा. आणि तो क्रम म्हणजे कायदा. आधी सिलिंडरचा दाब, मग टॅपेट, प्लग, पॉइंट, टायमिंग. हे सगळं बरोबर निघालं तरच पंपाकडं वळायचं. मग कोनमापक घेऊन थ्रॉटलचा आणि पंपाच्या दांड्याचा कोन ताडून पाहायचा. त्यानंतर सहाही नळ्यांतून हवा सारखी जाते का ते मोजायचं, आणि मिश्रणाच्या स्क्रूला हात लावायचा तो सर्वांत शेवटी, तोही इंजिन बंद करून, एकदोन क्लिक. पुन्हा चालू करा, पुन्हा मोजा.

तो पहिल्या पानापासून बसला. बारा व्हॉल्व्हचे टॅपेट थंड इंजिनवर, फट ०.१० मिलिमीटर. क्रँक १२० अंश फिरवायचा, एका सिलिंडरचे दोन टॅपेट करायचे, पुन्हा १२० अंश. क्रम एक-सहा-दोन-चार-तीन-पाच. इनटेकचे वरून होतात, एक्झॉस्टचे मात्र खालून, पाठीवर झोपून. कुर्ल्यात पद्मिनीचे आठ टॅपेट तो एका चहात करायचा. इथं पहिल्या खेपेला पूर्ण दिवस गेला. आठवड्यानं पोर्शे चालू झाली, धूर नाही, खोकला नाही. त्या पुस्तकात काय आवडलं असं विचारलं तर तो वेगळंच उत्तर देतो. म्हणतो, त्यात कुठंही 'अंदाजे' हा शब्द नाही.

इथवरची गोष्ट मासिकातल्या वाक्याला धरूनच आहे. जर्मन गाडी, जर्मन शिस्त. पण गाडी रॅम्पवर वर गेली आणि तो खाली उभा राहून तिच्या पोटाकडं बघायला लागला, तेव्हा त्याला एक साधा प्रश्न पडला. एवढी शिस्तीची माणसं, मग इंजिन इतक्या चुकीच्या जागी कसं?

कारण ९११ चं इंजिन मागच्या आसाच्याही मागं लोंबतं. वजनाचा साठेक टक्के भाग मागच्या चाकांवर. त्याच्या डोळ्यांपुढं एकच गाडी आली, बजाजची रिक्षा. मागं इंजिन, पाणी नाही, पंख्याच्या वाऱ्यावर थंड होणारं. नातं तसं खोटं नाही, कारण दोन्हीकडं युक्तिवाद एकच आहे: इंजिन चाकांजवळच ठेवलं की मधला लांब दांडा वाचतो, जागा वाचते, पैसा वाचतो. फर्डिनांड पोर्शे यांनी बीटलसाठी हा हिशेब मांडला, त्यावरून १९४८ ची ३५६ आली आणि १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात तिची वारस ९०१ नावानं उभी राहिली. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे, अशी हरकत प्यूजोनं घेतली आणि शून्याच्या जागी एक आला. स्वस्त लोकगाडीसाठी ही मांडणी शहाणपणाचीच होती. ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जाणाऱ्या गाडीला मात्र ती म्हणजे कॅरियरवर दुधाचे भरलेले कॅन बांधून उतारावर सायकल सोडण्यासारखी.

मग चूक कबूल करून इंजिन पुढं आणलं का? नाही. इथून पुढचा इतिहास हट्टाचा आहे, आणि त्यातला बराचसा त्याला कागदावर वाचावा लागला नाही. तो त्या गाडीच्या अंगावरच होता. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरमध्ये ओतीव लोखंडाची अकरा-अकरा किलोंची वजनं लपवली होती, नाक जमिनीवर राहावं म्हणून. १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागं सरकवली आणि एका बॅटरीच्या जागी दोन बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत नेऊन ठेवल्या. १९७२ मध्ये एस मॉडेलच्या नाकाखाली स्पॉयलर आला. त्याच वर्षी ऑइलची टाकीसुद्धा उचलून मागच्या चाकाच्या पुढं आणली आणि ती भरायला उजव्या बाजूला बाहेरून एक झाकण दिलं. हे झाकण पेट्रोलच्या झाकणासारखंच दिसतं. पंपावरची मंडळी त्यातच पेट्रोल ओतायला लागली, असं सांगतात. एका वर्षात झाकण रद्द झालं आणि टाकी परत मागं गेली. त्यामुळं हे झाकण फक्त १९७२ च्या गाडीला आहे आणि आज संग्राहक नेमकं तेच शोधत येतात. एका फसलेल्या दुरुस्तीला असा भाव आलेला त्यानं दुसरीकडं कुठं पाहिला नाही.

हट्टाची परमावधी पुढं आहे. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस कंपनीनं ९११ बंद करायचं ठरवलं होतं. तिच्या जागी पुढं इंजिन असलेली, पाण्यानं थंड होणारी ९२८ येणार होती. १९८१ मध्ये पीटर शुट्झ प्रमुख झाले. अभियंते हेल्मुट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. त्यात बाकीच्या गाड्यांच्या रेघा पुढं जात होत्या आणि ९११ ची रेघ १९८१ ला संपत होती. शुट्झ यांनी मार्कर घेतला आणि ती रेघ तक्त्याच्या बाहेर, भिंतीवरून पुढं ओढत नेली. हा किस्सा खुद्द शुट्झच सांगत. आता यात डोकं किती आणि काळीज किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

शेजारच्या रॅम्पवरची डिनो याच्या अगदी उलट निघाली.

एन्झो फेरारी यांना इंजिन चालकाच्या मागं ठेवायची कल्पनाच मुळी पसंत नव्हती. बैल गाडी ओढतो, ढकलत नाही, असा त्यांचा मुद्दा. पण १९५९ मध्ये चालकाच्या मागं इंजिन असलेल्या कूपर गाडीत जॅक ब्रॅबहॅम जगज्जेता झाला आणि बैलाचा मुद्दा शर्यतीतच निकालात निघाला. १९६१ मध्ये फेरारीनं स्वतः तशीच गाडी घेऊन किताब जिंकला. गाडीतलं सगळ्यात जड सामान दोन आसांच्या मधे असलं की गाडी वळायला सोपी, हे गणित आहे, त्यात मन गुंतवायचा प्रश्न नाही. पोर्शेनं ९११ मध्ये जे गणित टाळलं, ते फेरारीनं पटल्याबरोबर स्वीकारलं. रस्त्यावरच्या गाडीत ते पहिल्यांदा उतरलं ते १९६८ च्या डिनो २०६ मध्ये आणि वर्षभरात २४६ मध्ये.

इंजिनचीही तीच कथा. व्हिटोरियो यानो यांनी सहा सिलिंडरचं हे व्ही-इंजिन आखताना दोन ओळींतला कोन ६५ अंश ठेवला. अशा इंजिनाला ६० अंश सरळ पडतात. पण ६० मध्ये कार्बोरेटरच्या नळ्यांना मधे पुरेशी जागा मिळेना. म्हणून पाच अंश वाढवले आणि स्फोट समान अंतरानंच व्हावेत म्हणून क्रँकच्या पिनाही त्या हिशेबानं फिरवल्या. हे वाचून त्याला पहिल्यांदा वाटलं की हे काळजाचं काम नाही, हे वहीत गणित करणाऱ्या माणसाचं काम आहे.

काळीज असेल तर ते नावात आहे. डिनो म्हणजे एन्झोंचा मुलगा आल्फ्रेडो. इंजिनची सुरुवातीची चर्चा त्यानं यानोंबरोबर केलेली, आणि १९५६ मध्ये, इंजिन चालू झालेलं पाहण्याआधी, चोविसाव्या वर्षी तो गेला. गाडीवर म्हणूनच फेरारीचा घोडा नाही, फक्त त्याचं नाव आहे.

पण ती गाडी रस्त्यावर आली त्यालाही कारण नियमाचंच. १९६७ पासून फॉर्म्युला टू शर्यतीत इंजिनचा ब्लॉक वर्षाला किमान ५०० गाड्यांत वापरलेला असावा, असं ठरलं. फेरारीला एवढ्या गाड्या बनवणं शक्य नव्हतं. फियाटला होतं. म्हणून इंजिन फियाटच्या कारखान्यात जुळू लागलं, आधी फियाट डिनोसाठी आणि मग फेरारीच्या डिनोसाठीही. १९६९ मध्ये फियाटनं निम्मी फेरारीच विकत घेतली. हे कळल्यावर कुर्ल्याच्या माणसाला जे वाटलं ते त्याच्याच शब्दांत: "म्हणजे आपल्याच घरातली निघाली की."

वेबरचे तीन दुहेरी कार्बोरेटर पाहून तर त्याला माहेरी आल्यासारखं झालं. इथं कान चालतो. सहा घशांतून हवा ओढल्याचा आवाज रबरी नळी कानाला लावून ऐकायचा, जिथं सूर वेगळा तिथं स्क्रू. अर्ध्या दिवसात गाडी अशी शांत चालायला लागली की इंग्रज फिटर मापक घेऊन आला, सहाही घसे तपासून गेला आणि काही बोलला नाही.

टॅपेटनं मात्र नक्षा उतरवला. या इंजिनाला चार कॅमशाफ्ट आहेत आणि व्हॉल्व्हची फट स्क्रूनं नाही, शिमनं ठरते. म्हणजे ठरावीक जाडीच्या लहान चकत्या. बाराही फटी मोजायच्या, कुठं कुठल्या जाडीची चकती आहे ते लिहायचं, वजाबाकी करायची, लागणाऱ्या चकत्या मागवायच्या. दोन-तीन चकत्या एका व्हॉल्व्हवरून काढून दुसऱ्याला चालतील का हे पाहायचं, कारण त्यात पैसे वाचतात. दोन संध्याकाळी तो वही-पेन्सिल घेऊन बसला होता. जर्मन गाडीला पेचकसानं झालेलं काम इटालियन गाडीत अंकगणितानं करावं लागत होतं. त्यातून पुढच्या ओळीचे तीन प्लग केबिनच्या भिंतीला चिकटून. तिथं पाना सरळ जात नाही, डोळा पोचत नाही, बोटांनी चाचपत धागा लावायचा. त्याच्या उजव्या मनगटावरचा एक पांढरा ओरखडा त्या प्लगांचा आहे.

पत्र्याचा प्रकार तिसराच. डिनोची बॉडी मोडेनात स्काल्येत्तीकडं बनलेली, पिनिनफरिनाच्या आकृतीवरून, बरंचसं हातकाम. डावं आणि उजवं मोजायला गेलं तर मिलिमीटरला मिलिमीटर जुळत नाही. यातलं कारागिराच्या हातोड्याचं किती आणि मधल्या पन्नास वर्षांतल्या डेंटिंगवाल्यांचं किती, हे आता कुणी सांगू शकणार नाही. दरवाजे बसवताना पोर्शेत बिजागरी मापावर आणली की दार बसलं. डिनोत दार बसवायचं, उभं राहून लांबून पाहायचं, पुन्हा काढायचं. गंज मात्र दोघींना सारखाच. पोर्शेनं गंजरोधक जस्ताच्या थराचा पत्रा सर्रास वापरायला सुरुवात केली ती सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर, तोवर या गाडीच्या बुडाशी इंग्लंडातल्या रस्त्यांवरचं मीठ पोचलेलं होतं.

मार्चमध्ये दोन्ही गाड्या रस्त्यावर काढल्या. शेडपासून टेकडीला वळसा घालून परत, बारा मैल, ओळखीची वळणं.

डिनोत दुसऱ्या गिअरला आधी तेल तापायची वाट पाहावी लागते. घाई केली तर दांडा धातूच्या खाचेतच अडून बसतो. एकदा तापली की मात्र ती हात सांगेल तशी जाते. वळणात चुकून ॲक्सिलरेटर सोडला, गाडीनं काही मनावर घेतलं नाही. पोर्शेत तसं केलं असतं तर शेपूट पुढं यायला निघालं असतं. तिथं वेग वळणाआधीच कमी करायचा आणि वळण सुरू झालं की पाय उचलायचा नाही, भीती वाटली तरी. उलट, वळणातून बाहेर पडताना मागचं सगळं वजन चाकांना जमिनीत रोवतं आणि गाडी अशी सुटते की सीटच्या पाठीवर दाबला जाऊन त्याच्या छातीतली हवा निघाल्यासारखं झालं. पहिल्या फेरीत त्याला डिनो आवडली. तिसऱ्या फेरीत तो पोर्शेच घेऊन गेला, आणि शेडमधल्या लोकांनी ते पाहिलं.

डॉक्टर आले तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं. डिनो ठेवा. तिची मांडणी बरोबर आहे, चालवणाऱ्याला ती दगा देत नाही आणि तशा गाड्या थोड्या आहेत. २४६ जीटी आणि छताचा भाग निघणारी जीटीएस धरूनही चार हजारांच्या आतच बनल्या. हे त्यानं नीट पाठ केलं होतं. डॉक्टरांनी डिनो अंगणात दोन चकरा फिरवली, थांबवली आणि दार उघडलं. मग बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. शेवटी इंग्रज फिटर गेला आणि काखेत हात घालून त्यांना उभं केलं. गाडीची उंची चार फुटांच्या आत, आणि गुडघे सत्तरीतले. डॉक्टरांनी पोर्शे ठेवली. डिनो एप्रिलमध्ये झाकलेल्या ट्रेलरवरून गेली. ट्रेलर गेटबाहेर पडेपर्यंत तो हात पुसत उभा होता.

पुढच्या रविवारी सकाळी त्याच्या घरी फोन वाजला. डॉक्टरच. आवाज घाबरलेला. गाडी काढण्याआधी ऑइल पाहिलं, डिपस्टिक कोरडी आहे, दोन लिटरचा डबा आणलाय, ते उजवीकडचं झाकण उघडलंय, ओतू का?

तो अंथरुणातून उठून बसला. ओतू नका, म्हणाला. झाकण लावा. गाडी सपाटीवर घ्या, चालू करा, चांगली तापू द्या. बंद न करता, चालू इंजिनवरच डिपस्टिक काढा आणि मग बघा. या गाडीचं तेल थंड असताना टाकीत दिसत नाही.

वीस मिनिटांनी पुन्हा फोन आला. मागं इंजिनचा आवाज एकसारखा चालू होता, आणि डॉक्टर काही बोलायच्या आधी त्यानं तो जरा वेळ ऐकून घेतला.